एका दिवसात कंपनी, पण कुठे? सरकारी सुधारणांनी नवे उद्योग निघतात का, आणि मागे पडलेल्या भागापर्यंत पोचतात का

सुतारपक्षी:
नमस्कार मंडळी. गेले काही महिने एक प्रश्न डोक्यातून जात नाहीये म्हणून धागा काढतोय. उद्योगधंद्यासाठी सुधारणा केल्या असं सरकार म्हणतं तेव्हा बहुतेक वेळा काय केलेलं असतं, तर नोंदणी सोपी, फॉर्म कमी, एक खिडकी. जगभर हेच चाललंय. माझे प्रश्न दोन. पहिला, नोंदणी सोपी झाली की खरंच नवे धंदे निघतात, का आधीपासून चालू असलेलेच कागदावर येतात? आणि दुसरा, जो मला जास्त छळतो, हे नवे धंदे मागे पडलेल्या जिल्ह्यांत निघतात, का जिथे आधीच गर्दी आहे तिथेच अजून गर्दी होते?

सुरुवात पेरूपासून करतो. १९८३ साली तिथले अर्थतज्ज्ञ हर्नांडो दे सोतो यांच्या संस्थेने लिमा शहराच्या कडेला एक प्रयोग केला. दोन शिलाई मशीनचा छोटासा कारखाना, कोणाचाही वशिला न लावता, पूर्ण कायद्याने नोंदवायचा. २८९ दिवस लागले. १० वेळा लाच मागितली गेली आणि २ वेळा द्यावीच लागली, कारण नाहीतर काम तिथेच थांबलं असतं. दोन मशीनसाठी एवढं असेल तर माणूस नोंदणीच्या वाटेला जाईल कशाला, आणि नोंद नाही म्हणजे बँकेचं कर्ज नाही, मोठी ऑर्डर नाही, दुसऱ्या शहरात माल विकायची हिंमत नाही. तिथून हा सगळा विचार सुरू झाला आणि तो बरोबरच होता.

पण आता चाळीस वर्षं झाली. दार उघडायलाच हवं होतं, त्याबद्दल वाद नाही. माझं मत असं की धंदा कुठे उभा राहणार आणि टिकणार हे दारात ठरत नाही, आत शिरल्यावर पुढची तीन-चार वर्षं काय होतं त्यावर ठरतं. तुमचे अनुभव लिहा, आणि मी चुकत असेन तर तेही सांगा.

आकडेमोड:
चांगला विषय. पहिल्या प्रश्नाचं उत्तर बऱ्यापैकी माहीत आहे, कारण काही देशांनी सुधारणा एकदम सगळीकडे न करता एकेका गावात करत नेली, त्यामुळे झालेलं गाव आणि न झालेलं गाव अशी तुलना करता आली. मेक्सिकोने २००२ पासून नगरपालिकांमधून झटपट नोंदणीची पद्धत आणली. जिथे आली तिथे नोंदणीकृत धंदे साधारण ५ टक्क्यांनी वाढले. गंमत पुढे आहे. हे नवे लोक आधी चोरून धंदा करणारे नव्हतेच मुळी, बरेचसे पगारी नोकरी सोडून आलेले होते. म्हणजे ज्यांच्यासाठी दार उघडलं ते बाहेरच उभे राहिले आणि दुसरेच आत आले.

पोर्तुगालने २००५ साली एका खिडकीत तासाभरात कंपनी अशी सोय केली. तिथेही धंदे वाढले, नोकऱ्याही वाढल्या. पण जे वाढले ते जास्त करून छोटे होते, शेती, बांधकाम, किरकोळ विक्री असल्या क्षेत्रातले, आणि दोन वर्षं टिकण्याची शक्यता कमी असलेले. खरं कारण सरळ आहे, ज्याची कल्पना दणकट होती तो जुन्या त्रासातूनही वाट काढून येतच होता, त्रास कमी झाल्यावर जो भर पडतो तो काठावरच्या लोकांचा.

अबोली_७:
@आकडेमोड, काठावरचे लोक म्हणजे कमी प्रतीचे असं नका म्हणू बरं का. माझ्या बहिणीने दोन वर्षं शिवणकामाचं छोटं युनिट चालवलं आणि बंद केलं. आकडेवारीत ती "न टिकलेली" असणार. पण त्या दोन वर्षांत ती जीएसटीचं रिटर्न भरायला शिकली, तीन बायकांना पगार दिला, आणि आता त्यातलीच एक स्वतःचं युनिट चालवतेय. हे कुठल्या रकान्यात टाकणार?

आकडेमोड:
ताई, बरोबर आहे तुमचं. मी लिहिताना तसा अर्थ निघाला, मागे घेतो. बंद पडणं म्हणजे वाया जाणं नव्हे.

लेथवाला:
मी अनुभव सांगतो, मोठा होईल पण सांगतोच.

मी नोकरी सोडून मशीनिंगचं छोटं वर्कशॉप टाकायचं ठरवलं आणि मुद्दाम शहरात न टाकता लांबच्या तालुक्यात टाकलं, कारण जागा घरची होती आणि सरकारी योजनेत मागास भाग म्हणून सवलत होती. नोंदणी खरंच एका संध्याकाळी झाली, आधार नंबर टाकला, ओटीपी आला, सर्टिफिकेट डाऊनलोड. मी ते लॅमिनेट करून भिंतीला लावलं, इतका आनंद झाला होता. मशीन आलं, क्रेनने उतरवलं, लेव्हल केलं. आणि मग थ्री फेजच्या कनेक्शनसाठी सात महिने. आमच्या लाईनवरचा ट्रान्सफॉर्मर भरलेला होता, नवा मंजूर होईपर्यंत काहीच होणार नव्हतं, आणि मंजुरी कोणाच्या टेबलवर आहे हे कोणीच नीट सांगेना. त्या सात महिन्यांत मी दर आठवड्याला जाऊन ताडपत्री काढायचो, मशीनच्या बेडवर तेलाचा हात फिरवायचो आणि परत झाकायचो. पावसाळ्यात दोन आठवडे जाता आलं नाही तर गाईडवेवर, म्हणजे ज्या पट्ट्यांवर मशीनचे भाग सरकतात त्यावर, तांबूस ठिपके आलेच. ते मी ऑईलस्टोनने घासले, अजूनही बोट फिरवलं की कळतं कुठे होते ते.

बँकेचा हप्ता मात्र पहिल्या महिन्यापासून चालू. शहरात टाकलं असतं तर कनेक्शन कदाचित महिन्याभरात मिळालं असतं. सवलत मला जी मिळाली ती त्या सात महिन्यांच्या हप्त्यांत कधीच विरघळली. म्हणून सुतारपक्षींचं म्हणणं मला पटतं, नोंदणीत माझी अडचण कधीच नव्हती.

पाटीपेन्सिल:
वाचून पोटात तुटलं दादा. आता मशीन चालू आहे ना?

लेथवाला:
चालू आहे, दोन शिफ्टमध्ये. ते पुढे सांगतो, आधी बाकीच्यांचं येऊ द्या.

नकाशा:
दुसऱ्या प्रश्नावर म्हणजे प्रदेशावर लिहितो, कारण सगळी चर्चा पहिल्यावरच होते आणि दुसरा राहून जातो.

जागतिक बँकेचा व्यवसाय सुलभतेचा अहवाल आठवतो का? भारत २०१५ च्या अहवालात १४२ वा होता, २०२० च्या अहवालात ६३ वा आला. प्रगती झाली, खोटं नाही. पण तो क्रमांक मोजला कुठे? दिल्ली आणि मुंबई, बस्स. छोट्या देशांत तर फक्त सगळ्यात मोठं शहर. म्हणजे देशातल्या सगळ्या जिल्ह्यांत काही न करता दोन शहरांतली कामं गतीने केली तरी क्रमांक वर जातो, आणि ज्याचं माप घेतलं जातं तेच सुधारलं जातं, हा जगाचा नियमच आहे. पुढे २०१८ आणि २०२० च्या अहवालांतल्या आकड्यांत गडबड झाल्याचं बाहेर आलं आणि सप्टेंबर २०२१ मध्ये बँकेने तो अहवालच बंद केला.

जॉर्जिया देश बघा. परवाने कापले, करांची संख्या कमी केली, सगळी सरकारी कामं एका छताखाली आणली, २०२० च्या अहवालात ७ वा क्रमांक. कौतुक आहेच. तरी देशाच्या उत्पन्नातला निम्म्याच्या आसपास वाटा एकट्या तिबिलिसी शहराचा. दार सगळ्यांसाठी सारखं उघडलं की ज्याच्याकडे आधीच रस्ता, बँक, गिऱ्हाईक आहे तोच आधी आत शिरतो.

व्हिएतनामने मात्र एक गोष्ट चांगली केली. २००० साली नवा उद्योग कायदा आला, ढिगाने परवाने रद्द झाले, नोंदण्या भराभर वाढल्या. पण तिथेच थांबले नाहीत, २००५ पासून तिथे प्रांतांची तुलना होते, आणि ती अधिकाऱ्यांना विचारून नाही, त्या त्या प्रांतातल्या धंदेवाल्यांना विचारून. जागा मिळायला किती वेळ लागला, तपासणीला किती वेळा आले, वरून पैसे द्यावे लागले का. त्यामुळे प्रांताच्या अधिकाऱ्याला राजधानीतल्या घोषणेमागे लपता येत नाही.

टाकाटाक:
"दार सगळ्यांसाठी सारखं उघडलं की..." हे वाक्य कुठेतरी लिहून ठेवतोय.

मुद्देसूद:
मी थोडं विरोधात बोलतो. इथे सगळे असं गृहीत धरतायत की नियम कमी म्हणजे सुधारणा. जर्मनीचं उदाहरण बघा. तिथे कारागिरीचा स्वतंत्र धंदा करायला मास्टरची परीक्षा पास असावी लागते. २००४ साली ९४ पैकी ५३ व्यवसायांतून ही अट काढली. फरशी बसवणाऱ्यांच्या फर्म कित्येक पटींनी वाढल्या. आकडा बघून वाटेल काय यश! पण त्यातल्या बऱ्याच एकट्या माणसाच्या, शिकाऊ पोरं घेणार कोण? शिकाऊ उमेदवारांची साखळीच बारीक झाली, आणि २०२० मध्ये १२ व्यवसायांना ती अट परत लावली, त्यात फरशीवालेही आले.

तसंच ब्रिटनमध्ये कंपनी काढणं इतकं सोपं होतं की कोणीही कोणाच्याही नावाने, कुठल्याही पत्त्यावर काढायचा. शेवटी २०२३ साली कायदा करून नोंदणी कार्यालयाला तपासायचे अधिकार द्यावे लागले. आणि आपल्याकडे २०१७-१८ मध्ये २ लाखांहून जास्त निष्क्रिय कंपन्या यादीतून काढल्या. मग नव्या नोंदणीचा आकडा सांगून कोणी छाती फुगवली तर मी आधी विचारतो, यातल्या वीजबिल कितींना येतं?

सुतारपक्षी:
वीजबिलाचं माप एकदम आवडलं. लेथवाला दादांना सात महिने तेच मिळत नव्हतं.

हिशेबनीस:
मी या कामातच आहे, कंपनी-एलएलपी नोंदणी, जीएसटी, सगळं. मुद्देसूद म्हणतात ते अर्धं खरं. पण आधी काय होतं ते नव्या लोकांना माहीत नाही. प्रायव्हेट लिमिटेड काढायला किमान १ लाख भागभांडवलाची अट होती, ती २०१५ च्या दुरुस्तीत गेली. नाव आरक्षित करायचा फॉर्म वेगळा, संचालक क्रमांकाचा वेगळा, पॅनचा वेगळा, टॅनचा, म्हणजे करकपातीच्या नंबरचा, वेगळा. आता जवळजवळ सगळं एका अर्जात होतं. लहान गावातल्या माणसाला याचा फायदा जास्त आहे, कारण शहरातल्या माणसाला तेव्हाही सीए हाताशी होता, गावातल्याला प्रत्येक फॉर्मसाठी एसटीने जावं लागायचं.

आता अडतं कुठे ते सांगतो. जीएसटी नोंदणीत जागेचा पुरावा. शहरात भाडेकरार आणि वीजबिल जोडलं की झालं. गावात घर आजोबांच्या नावावर, आजोबा वारलेले, वारस नोंद झालेली नाही, वीजबिल चुलत्याच्या नावाने, घराला नंबर नाही, उताऱ्यावरचं नाव आणि आधारवरचं नाव यात एका काना-मात्रेचा फरक. एका मुलाचा अर्ज तीनदा परत आला, तिसऱ्यांदा कारण होतं की दुकानाच्या फोटोत नावाची पाटी दिसत नाही, आणि पाटी तो नोंदणी झाल्यावर करणार होता कारण पाटीवर नंबर लिहायचा होता. शेवटी त्याने पुठ्ठ्यावर खडूने नाव लिहून, दाराला दोरीने बांधून फोटो काढला, आणि मग मंजूर झालं. नियम सगळ्यांना एकच आहे हो, पण तो शहराच्या मापाने शिवलाय.

अबोली_७:
पुठ्ठ्यावर खडूने 🙏 ते पोरगं पुढे जाणार.

निवृत्त_कारकून:
मी सरकारी कार्यालयात ३१ वर्षं काढली, त्यातली शेवटची बरीचशी उद्योगांच्या परवानग्यांशी संबंधित टेबलवर. कोणाची बाजू घ्यायला लिहीत नाहीये, आतून कसं दिसतं ते सांगतो.

पोर्टल सुरू झालं तेव्हा आम्हाला आनंदच झाला होता, टेबलासमोरची गर्दी कमी होणार म्हणून. पण जुनी पद्धत बंद करायचा आदेश कोणी काढलाच नाही. मग ऑनलाइन अर्ज आला की आम्ही त्याची प्रिंट काढायचो, फाईलला टॅग लावायचो, टिपणी लिहायचो, वर पाठवायचो, वरून सही होऊन आली की स्कॅन करून परत पोर्टलवर चढवायचो. कारण ऑडिटवाले फाईल मागतात, स्क्रीन नाही. काम दुप्पट झालं. मोठ्या शहराच्या कार्यालयात स्कॅनिंगला वेगळी माणसं होती. लांबच्या कार्यालयात मंजूर पदं सहा, भरलेली दोन, त्यातला एक निवडणुकीच्या कामावर. आदेश मंत्रालयातून दोन्हीकडे एकाच दिवशी पोचला, अंमल एका ठिकाणी महिन्यात झाला, दुसऱ्या ठिकाणी वर्ष गेलं. साहेब लोक वाईट होते असं अजिबात नाही.

दुसरं, सही करायची भीती. परवानगी अडवली तर कोणी विचारत नाही. दिली आणि पुढे काही झालं, आग लागली, माणूस दगावला, तर पहिलं नाव सही करणाऱ्याचं. त्यामुळे शंका आली की एक क्वेरी काढून फाईल परत. ज्या भागात नवीन प्रकारचा उद्योग पहिल्यांदाच येतोय तिथे ही भीती जास्त, कारण मागचा दाखला नाही. शहरात त्या प्रकारच्या पन्नास फायली झालेल्या असतात, जुन्या टिपणीवरून नवी करता येते.

सुतारपक्षी:
काका, हे सोन्यासारखं आहे. पहिल्याला मागचा दाखला नसतो, त्यामुळे मागे पडलेला भाग अजून मागे पडतो, हे मी असं कधी बघितलंच नव्हतं. खूप धन्यवाद.

नकाशा:
निवृत्त_कारकून काका, दंडवत.

ओघळ:
सवलतींबद्दल कोणी बोललं नाही अजून. मागास भागासाठी सरकारचं आवडतं हत्यार तेच, करमाफी. हिमाचल आणि उत्तराखंडला २००३ साली पॅकेज मिळालं, उत्पादन शुल्क १० वर्षं पूर्ण माफ, आयकर ५ वर्षं पूर्ण माफ आणि पुढची ५ वर्षं अंशतः. बद्दी, नालागढ, हरिद्वार, पंतनगर, रुद्रपूर इथे कारखान्यांची रीघ लागली. बद्दी तर औषधांचं मोठं केंद्र झालं, आज आपल्या घरातल्या गोळ्यांची पाकिटं उलटी करून बघा, कुठे ना कुठे बद्दी किंवा सोलन जिल्हा सापडेल.

पण नकाशा उघडून नीट बघा. हे सगळे कारखाने डोंगराच्या पायथ्याला, सपाटीला चिकटून आहेत. ज्या डोंगरी जिल्ह्यांतून पोरं गाव सोडून जातात, ज्यांच्यासाठी म्हणून पॅकेज मागितलं होतं, तिथे काय पोचलं? राज्याच्या सीमेच्या आत शक्य तेवढ्या कडेला येऊन कारखाने थांबले. करमाफी राज्याच्या नावाने दिली, ट्रक मात्र रस्त्याने चालतो.

मुद्देसूद:
इटलीची हीच गोष्ट आहे. दक्षिण भागासाठी १९५० साली वेगळा निधी काढला, ३०-३५ वर्षं ओतला. तारांतोचा पोलाद कारखाना त्याच काळातला. असे अवाढव्य कारखाने उभे राहिले पण आजूबाजूला सुटे भाग बनवणारे, दुरुस्ती करणारे छोटे उद्योग फारसे उगवले नाहीत. इटलीत त्यांना "वाळवंटातली कॅथेड्रल" म्हणायचे.

आकडेमोड:
आणि चीनने १९८० साली एकाच वेळी चार विशेष आर्थिक क्षेत्रं काढली, शेन्झेन, झुहाई, शांतौ, शियामेन. सवलती जवळपास सारख्या. शेन्झेन हाँगकाँगला खेटून, तिथलं भांडवल, ऑर्डरी, अनुभवी माणसं सीमा ओलांडून आली आणि ते कुठल्या कुठे गेलं. शांतौ त्याच्या जवळपासही आलं नाही. चौघांना नियम एकच होते, शेजारी वेगळे होते.

चिकणमाती:
मग काय, मागास भागाने आशाच सोडायची का? सगळी उदाहरणं निराशेचीच देताय तुम्ही लोक. आमच्यासारख्यांनी गावात राहून काही करायचं ठरवलं तर हा धागा वाचून सामान बांधायला लागतील.

आकडेमोड:
नाही नाही, एक जोरदार उलटं उदाहरण आहे आणि ते आपलंच आहे. १९७७ ते १९९० रिझर्व्ह बँकेचा नियम होता, जिथे आधीच बँक आहे अशा ठिकाणी एक नवी शाखा हवी असेल तर बँक नसलेल्या चार ठिकाणी शाखा उघडा. सक्तीच होती सरळ. त्यातून खेड्यापाड्यांत हजारो शाखा गेल्या, आणि पुढच्या अभ्यासांत असं दिसलं की जिथे शाखा पोचल्या तिथे गरिबी कमी झाली, शेतीबाहेरचं उत्पादन वाढलं. कर्जं बुडाली, तोटे झाले, तेही खरं, म्हणून १९९० ला तो नियम गेला. पण मुद्दा असा की प्रदेशापर्यंत काही पोचलं ते नियम काढल्यामुळे नाही, नियम घातल्यामुळे.

उलट बाजूनेही बघा. १९५० च्या दशकात मालवाहतुकीचं भाडे समानीकरण आणलं, कोळसा-पोलाद देशभर एका भावात. हेतू चांगला, सगळीकडे उद्योग जावेत. झालं काय, खाणीशेजारी कारखाना टाकायचा फायदाच संपला, बिहार, बंगाल, ओडिशाच्या पट्ट्याची नैसर्गिक ताकद गेली आणि उद्योग बंदरांकडे, बाजाराकडे सरकले. तो नियम उठायला ९० चं दशक उजाडलं. त्या पट्ट्याला जे नुकसान झालं ते कुठल्याही एक खिडकीने भरून निघणार नाही.

मुद्देसूद:
लघुउद्योगांचं आरक्षण, म्हणजे ठरावीक वस्तू फक्त छोट्या कारखान्यांनीच बनवायच्या हा नियम, तोही याच पठडीतला. १९६७ ला ४७ वस्तूंपासून सुरुवात, वाढत वाढत ८०० च्या वर गेल्या, शेवटच्या २० वस्तू २०१५ मध्ये मोकळ्या झाल्या. छोट्यांना जपायला केलेला नियम, पण जो मोठा व्हायला लागला त्याचा पाय त्यातच अडकायचा.

लेथवाला:
हे मात्र आमच्या धंद्यात नंतरही होतं, आरक्षण गेलं तरी. माझ्या ओळखीत कितीतरी जण नववा माणूस घ्यायचे आणि दहावा घ्यायचे नाहीत, कारण तेव्हा वीज वापरून दहा कामगार झाले की फॅक्टरी कायदा लागायचा. दहावा लागला तर शेजारच्या शेडमध्ये बायकोच्या नावाने दुसरी फर्म. आकडेवारीत एक नवा उद्योग वाढला! प्रत्यक्षात तेच मशीन, तीच माणसं, मधे एक भिंत.

पाटीपेन्सिल:
नवी फर्म कशी जन्माला येते याचं हे उत्तर कोणत्याच अहवालात नसेल 😄

अबोली_७:
पण लेथवाला दादा, म्हणून कायदाच नको असं म्हणू नका. ज्याचं बोट मशीनमध्ये जातं त्याला तो कायदाच आधार असतो.

लेथवाला:
ताई मी तसं म्हणतच नाहीये. गार्ड लावायलाच हवा, विमा हवाच. मी म्हणतो की नऊला शून्य आणि दहाला एकदम पन्नास रजिस्टर हे नको होतं, पायऱ्या करायला हव्या होत्या.

हिशेबनीस:
राजस्थानने २०१९ ला कायदा केला तो मला या बाबतीत आवडला. छोट्या उद्योगाने आपला इरादा ऑनलाइन कळवायचा, पोचपावती मिळाली की (मूळ कायद्यात) ३ वर्षं राज्याच्या परवानग्या आणि तपासण्यांतून सूट, तेवढ्या काळात धंदा उभा करा आणि मग कागद पुरे करा. धंदा आधी आणि कागद नंतर, हा क्रम महत्त्वाचा.

आणि उधारीचं कोणीच बोललं नाही. नवा धंदा बहुतेक वेळा ऑर्डर नाही म्हणून मरत नाही, बिलाचे पैसे वेळेवर आले नाहीत म्हणून मरतो. छोट्या उद्योगांच्या २००६ च्या कायद्यात बिल चुकतं करायला ४५ दिवसांची मुदत आहे. पण लांबच्या तालुक्यातला एकच मोठं गिऱ्हाईक असलेला पुरवठादार तक्रार करेल? तक्रार केली की ऑर्डर गेली. शहरातल्याकडे दुसरं गिऱ्हाईक असतं.

सुतारपक्षी:
फिरून तिथेच येतोय आपण, आणि मला ते महत्त्वाचं वाटतं. जागेचा पुरावा असो, ट्रान्सफॉर्मर असो, फाईलला मागचा दाखला असो, उधारी असो, प्रत्येक ठिकाणी नियम सगळ्यांना सारखाच आहे आणि तरी लांबच्या माणसाला तो जास्त जड पडतो. मी पहिल्या पोस्टमध्ये आत शिरल्यावर काय होतं असं लिहिलं होतं, ते आता बदलतो. आत शिरल्यावर तालुक्याच्या टेबलवर काय होतं, असं लिहायला हवं होतं. काका, तुमच्या ३१ वर्षांत असा एखादा बदल झाला का की ज्याचा फायदा लांबच्या माणसाला शहराइतकाच झाला?

निवृत्त_कारकून:
झाला एक, छोटासा. मुदत संपली की मंजूर समजा, असा नियम बऱ्याच परवानग्यांना आला. सुरुवातीला त्याचा काही उपयोग नव्हता. मुदत संपायची, माणूस बँकेत जायचा, बँक म्हणायची परवानगीचा कागद कुठाय. तो म्हणायचा मंजूर समजलेली आहे. बँक म्हणणार, आम्ही कसं समजायचं, सही दाखवा. मग तो बिचारा परत आमच्याकडेच, आणि आम्ही काय म्हणणार, आमच्याकडे तर सही झालेलीच नाही.

पुढे एका परवानगीपुरती पोर्टलमध्येच सोय झाली, मुदतीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आपोआप दाखला तयार व्हायचा, त्यावर क्रमांक आणि क्यूआर, कोणाचीही सही नाही. बँका तो घ्यायला लागल्या. आणि त्यानंतर एक गोष्ट मी डोळ्यांनी बघितली, आमच्याकडच्या क्वेऱ्या मुदतीच्या शेवटच्या दिवशी यायच्या त्या पहिल्या आठवड्यात यायला लागल्या. कारण आता गप्प बसलं तरी दाखला जाणार होता. रिकामी पदं तेवढीच होती, माणसं तीच होती.

चिकणमाती:
काका, मला एवढंच ऐकायचं होतं. सामान सोडतो परत.

लेथवाला:
मी मशीनचं पुढे सांगतो म्हणालो होतो. तो ट्रान्सफॉर्मर शेवटी बसला तेव्हा माझ्या गरजेपेक्षा मोठा बसला. वर्षभरात त्याच लाईनवर एकाने वेल्डिंगचं सुरू केलं, एकाने पावडर कोटिंगचं. माझे जॉब, म्हणजे बनवलेले भाग, पूर्वी कोटिंगला शहरात जायचे आणि चार दिवस अडकायचे, आता सायकलवर पाठवतो. त्या दोघांनी कुठली सवलत बघितली नव्हती, वीज आहे आणि शेजारी काम आहे एवढंच बघितलं.

आता पावडर कोटिंगवाल्याचा प्रदूषणाच्या संमतीचा अर्ज अडकलाय, मुदत उलटून तीन आठवडे झालेत. काका, मुदत संपल्याचं पत्र कसं लिहायचं त्याचा मजकूर इथे टाकाल का? मी उद्याच त्याच्याकडून भरून घेतो.

निवृत्त_कारकून:
टाकतो. त्याआधी त्याला पोर्टलवर बघायला सांगा की अर्जाची तारीख जमा केल्याची धरलीय का फी भरल्याची, मुदत तिथून मोजतात. आणि मधे क्वेरी निघालेली असेल तर दिवस पुन्हा मोजले जाऊ शकतात, तेही बघून घ्या.